शॉर्टफिल्मचं पोस्टर: फोटोपासून प्रेसपर्यंत

कॉलेजच्या शॉर्टफिल्मचं पोस्टर बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात आठवतं. एडिट लॉक झालेलं, म्हणजे संकलन पक्कं झालेलं असतं, महोत्सवाच्या अर्जाला पोस्टर जोडायचं असतं, आणि मग कुणीतरी टाइमलाइनवरची एक फ्रेम उचलून तिच्यावर नाव टाकतं. असं पोस्टर मोबाइलवर बरं दिसतं आणि ए३ कागदावर फुटतं.

फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची असते. उभ्या पोस्टरसाठी ती कापली की उंचीला १०८० पिक्सेलच उरतात. ए३ ची उंची ४२० मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेसोळा इंच. इंचाला ६५ पिक्सेल पडले. फोर-के फ्रेम घेतली तरी १३०. हातात धरून पाहायच्या छपाईला इंचाला ३०० लागतात, २०० पर्यंत भागतं. शिवाय सेकंदाला २५ फ्रेमच्या शूटिंगमध्ये शटर सेकंदाचा पन्नासावा भाग (१/५०) उघडं असतं, त्यामुळे हलत्या माणसाचा चेहरा थांबवलेल्या फ्रेममध्ये हललेलाच दिसतो. एडिटमध्ये कितीही शार्पन केलं तरी तो परत येत नाही.

म्हणून पोस्टरचा फोटो वेगळा काढायचा. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरला की ४००० बाय ६००० पिक्सेल मिळतात, म्हणजे ए३ ला इंचाला ३४० च्या आसपास. ए२ करायचं ठरलं तरी २४० उरतात. शूटिंगच्या वेळापत्रकात यासाठी वीस-पंचवीस मिनिटं नावानिशी लिहून ठेवा. 'वेळ मिळाला तर काढू' म्हटलं की तो मिळत नाही.

आधी काडेपेटीएवढी चित्रं

काय काढायचं हे मात्र शूटिंगच्या आधी ठरायला हवं. कोऱ्या कागदावर काडेपेटीच्या आकाराच्या दहा-बारा उभ्या चौकटी आखा आणि प्रत्येकीत पेन्सिलीने एकच कल्पना काढा. चौकट मुद्दाम लहान घ्यायची, कारण पोस्टर सगळ्यात आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि महोत्सवाच्या यादीत जवळपास एवढंच दिसतं. एवढ्या जागेत जे काढता येत नाही, ते तिथे दिसणारही नाही.

समजा, फिल्मचं नाव 'शेवटची मुक्कामी'. निवृत्तीला आलेला एसटी कंडक्टर, त्याची शेवटची मुक्कामी गाडी, गावाच्या पारापाशी उभी केलेली, आणि ती एक रात्र. पहिली सुचणारी कल्पना म्हणजे मध्ये कंडक्टरचा मोठा चेहरा, मागे बस, कोपऱ्यात मुलगी, वर चंद्र, खाली गाव. यात फिल्ममधलं सगळं आहे, आणि म्हणूनच नजर कुठेच टिकत नाही. दुसरी कल्पना: हातातला तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, अगदी जवळून. आकार छान आहे, लहान चौकटीतही ओळखू येतो. पण इलेक्ट्रॉनिक मशीनच्या तिकिटांवर वाढलेल्या प्रेक्षकाला तो चिमटा कशाचा हेच कळणार नाही. तिसरी: अंधारात बाहेरून दिसणारी उभी बस, आत एकच दिवा, मागच्या लांब सीटवर आडवा झालेला माणूस. जागा कळते, वेळ कळते, एकटेपण कळतं, आणि हा माणूस घरी का नाही हा प्रश्न मनात येतो. वरच्या अर्ध्या भागात मोकळं आकाशही आहे, तिथे नाव बसेल. यातली तिसरी घ्यावी. चिमटा सोशल मीडियाच्या दुसऱ्या पोस्टरला ठेवावा.

हा फोटो पूर्ण रात्री काढू नका. रात्रीचं आकाश छपाईत सपाट काळं होतं आणि गाडीचा टप त्यात विरघळून जातो. सूर्य मावळल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी आकाशात अजून गडद निळा असतो आणि गाडीतला दिवा त्याच्याशी जुळतो. ही वेळ दहा मिनिटांहून जास्त टिकत नाही, म्हणून ट्रायपॉड आणि फ्रेम आधी लावून ठेवा. लेन्सचं छिद्र एफ/५.६, प्रकाशाची संवेदनशीलता आयएसओ ४००, आणि शटर लागेल तेवढा वेळ उघडं. आडव्या माणसाला फक्त निपचित पडून राहायला सांगा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली. बस फ्रेमच्या खालच्या एक-तृतीयांश भागात ठेवा, चारी बाजूंना गरजेपेक्षा थोडं जास्त घ्या आणि त्याच जागेवरून दोन-चार आडवे फोटोही काढा, ते पुढे लागतातच. नंबरप्लेट फ्रेमबाहेर ठेवा. गाडीसाठी आणि नटांकडून जी लेखी परवानगी घ्याल, तिच्यात पोस्टरच्या फोटोचा उल्लेख हवा. लहान मूल असेल तर सही पालकांची.

नाव

मराठी पोस्टर इथे जिंकतं किंवा हरतं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवत. त्यांच्याइतका हात कुणाचा असेलच असं नाही, पण पाच-सहा अक्षरं कागदावर काढून पाहायला कुणाची ना नसावी. बोरूनं, कट निबच्या पेनानं किंवा जाड मार्करनं वीस-तीस वेळा नाव लिहा, सगळ्यात चांगलं निवडा, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा आणि इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रेस बिटमॅप' करून वेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांची आकृती, करून घ्या. असं अक्षर कितीही मोठं करता येतं.

'शेवटची मुक्कामी' दोन ओळींत लावताना काय होतं ते पाहा. 'शेवटची' या ओळीत बेसलाइनच्या, म्हणजे अक्षरं जिच्यावर टेकतात त्या रेषेच्या, खाली जाणारं काहीच नाही. 'मुक्कामी'ला खाली उकार आहे आणि वर वेलांटी. त्यामुळे 'शेवटची' वर असेल तर दोन ओळी जवळ आणता येतात, फक्त 'मी'ची वेलांटी वरच्या ओळीला टेकणार नाही एवढं पाहायचं. नाव उलट क्रमानं असतं तर 'मु'चा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळला असता आणि अंतर वाढवावं लागलं असतं. 'क्क' एकाखाली एक काढायचा की शेजारी-शेजारी, हाही निर्णय आहे. एकाखाली एक काढला की शब्द आखूड होतो, पण उंची वाढते आणि लहान आकारात तो बुजतो. इथे शेजारचाच बरा.

तयार फॉन्ट वापरायचा तर मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट भरपूर आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू', इंडियन टाइप फाउंड्रीचा अरुंद 'खंड', पुस्तकी वळणाचा 'टिरो देवनागरी मराठी'. शेवटच्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' थेट मराठी वळणाचे येतात. इतर पुष्कळ फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात. काहींत मजकुराची भाषा मराठी निवडली की बदलतात, काहींत बदलतच नाहीत. 'शेवटची'चा पहिलाच 'श' हिंदी पाटीवरचा वाटला तर मराठी वाचकाला ते खटकतं.

तीन गोष्टी हमखास बिघडतात. इंग्रजी पोस्टर पाहून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघा तुटतात आणि शब्दाचे सुटे तुकडे होतात. ऐसपैसपणा हवा असेल तर शब्दाभोवती जागा सोडा. दुसरं, फॉन्ट आडवा दाबून अरुंद केला की काने बारीक होतात आणि शिरोरेघ तेवढीच जाड राहते. त्यापेक्षा मुळातच अरुंद असलेला फॉन्ट घ्या. तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. वेलांटी भलतीकडे गेली, 'क्क'मध्ये हलन्त दिसू लागला, तर दोष फॉन्टचा नसून मजकूर रचणाऱ्या कंपोझरचा असतो. इनडिझाइनमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स' सुरू करा. इंकस्केपमध्ये काही करावं लागत नाही.

श्रेयनामावली

नावं ज्याची त्यानं लिहून दिलेली हवीत, प्रत्येकाकडून, देवनागरीत आणि रोमनमध्येही. 'दीक्षित' की 'दिक्षित' हे डिझाइन करणाऱ्यानं ठरवायचं नसतं. ए३ वर देवनागरी श्रेयं ९ पॉइंटच्या खाली नेऊ नका, कारण 'क्ष', 'द्ध', 'ष्ट' यांच्या पोटातली जागा शाईनं भरते. गडद रंगावर पांढरं अक्षर असेल तर फॉन्टचं वजन एक पायरी वाढवा. शाई कडेनं आत पसरते आणि लाइट वजनाचं अक्षर झिजल्यासारखं छापतं. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान १.३ पट ठेवा.

महोत्सवांचे पर्णमुकुट (निवड दाखवणारी पानांची चिन्हं) फक्त निवड झालेल्या महोत्सवाचे, आणि त्यांनीच पाठवलेल्या फाइलमधले. तीन-चार झाले की एका ओळीत, एका रंगात, नावापेक्षा बरेच लहान. सेन्सॉर प्रमाणपत्र घेतलेलं नसेल तर 'यू' किंवा 'ए'चं चिन्ह हौस म्हणून टाकू नका.

रंग आणि प्रेस

स्क्रीन आतून उजळलेला असतो, कागद नसतो. त्यामुळे गडद पोस्टर छापून आलं की आणखी गडद दिसतं. बसच्या खिडकीमागचा माणूस स्क्रीनवर जेमतेम दिसत असेल तर कागदावर तो गेलाच समजा. शॅडो, म्हणजे फोटोतले गडद भाग, थोडे उजळा आणि कुठल्याही झेरॉक्स-प्रिंटच्या दुकानात एक ए४ रंगीत प्रत काढून ट्यूबलाइटखाली पाहा. रंग तंतोतंत मिळणार नाहीत, पण चेहरा राहतो की जातो हे कळतं.

निळ्याची वेगळी काळजी घ्या. छपाईच्या चार शायांत, म्हणजे सीएमवायकेत (सायन निळी, मॅजेंटा गुलाबी, यलो पिवळी, के काळी), सायन आणि मॅजेंटा सारखे झाले की निळा जांभळा छापतो. संध्याकाळच्या आकाशात मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. मोठ्या काळ्या भागाला नुसता के १०० राखाडी दिसतो. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० असा मिश्र काळा द्या. बारीक काळ्या मजकुराला मात्र नुसता के १००च, नाहीतर चार शाया अर्ध्या मिलिमीटरनं सरकल्या तरी अक्षराला रंगीत कडा येतात.

डिजिटल प्रेसमध्ये १२ बाय १८ इंच हा सोयीचा आकार, कारण १३ बाय १९ च्या शीटवर तो ब्लीडसकट, म्हणजे कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून बाहेर वाढवलेल्या छपाईसकट, बसतो. म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेल, आणि चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड वेगळा. नाव आणि श्रेयं कडेपासून किमान १० मिलिमीटर आत. कागद १७० जीएसएम (चौरस मीटरला १७० ग्रॅम) आर्ट पेपर, मॅट. दिव्याखाली भिंतीवर लावल्यावर ग्लॉसी कागदात गडद पोस्टरऐवजी समोरची खिडकी दिसते. दाराशी उभी करायची स्टँडी फ्लेक्सची असेल तर इंचाला १०० पिक्सेल पुरे, ती दोन-तीन पावलांवरूनच पाहिली जाते.

पुष्कळ प्रेसमध्ये फाइल कोरल ड्रॉमध्ये उघडतात. फॉन्ट त्यांच्याकडे नसतो आणि मजकुराची रचना बदलते. म्हणून सगळा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, पीडीएफ द्या. कर्व्ह न केलेली मूळ फाइल स्वतःकडे वेगळ्या नावानं जपून ठेवा, कारण कर्व्ह केलेल्या मजकुरात चूक सापडली तर ती टाइप करून दुरुस्त होत नाही.

ऑनलाइनसाठी त्याच फाइलमधून तीन आकार काढा: १०८० बाय १३५० इन्स्टाग्रामला, १०८० बाय १९२० स्टोरीला, १२८० बाय ७२० यूट्यूबच्या थंबनेलला. नुसतं कापू नका. आडव्या थंबनेलसाठी तो आडवा फोटो घ्या, श्रेयं काढून टाका आणि उजवा-खालचा कोपरा मोकळा सोडा, तिथे फिल्मची लांबी येते. रंग आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात) ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते आणि पुढे कुणीतरी तीच छापायला देतं.

प्रेसमध्ये पहिली प्रत निघेपर्यंत थांबा. आधी नावं मोठ्यानं वाचा, मग वेलांट्या आणि अनुस्वार, मग चारी कडांना पांढरी रेघ राहिली आहे का, मग खिडकीतला माणूस. एवढं पाहून झालं की बाकीच्या प्रती सोडायला सांगा.