‘हाताने केलेलं’ म्हणजे नेमकं काय? इंदुरात कपडे घेताना या चुका टाळा

गेल्या वर्षी नाटकाला चंदेरी कापडाचा नवाकोरा कुर्ता घालून गेले होते. मध्यंतरात मागच्या रांगेतल्या काकूंनी खांद्याला हात लावून हळूच सांगितलं, "अगं, पाठीला उसवलंय बघ." घरी येऊन पाहिलं तर उसवलं नव्हतं. शिवणीचा एकेक टाका जागेवर होता, पण शिवणीला लागून असलेलं सूत सरकलं होतं आणि मुंढ्याखाली चार बोटं जाळी झाली होती. कुर्ता एका लहानशा लेबलचा, मापाने शिवून घेतलेला. आधी रागच आला. मग आठवलं, फिटिंग घट्ट हवं असं मीच सांगितलं होतं. अस्तर नको, उकडतं, हेही मीच म्हटलं होतं.

चंदेरीची चमक आणि पारदर्शकपणा येतो तो डिंक न काढलेल्या, पीळ न दिलेल्या रेशमातून. वीण विरळ, सूत बारीक. असं कापड अंगावर ताणलं की शिवण धरून ठेवते आणि सूत वाट काढतं. तेव्हा चंदेरी असो की महेश्वरी, छातीत निदान तीन-चार इंच मोकळीक ठेवा, मलमलचं का होईना अस्तर लावा आणि शिवणीच्या आत एक इंच कापड सोडायला सांगा. अंगाबरोबर बसणारंच हवं असेल तर जाड सुती कापड निवडा. चांगला डिझायनर हे स्वतःहून सांगतो. पण गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर तोही गप्प बसतो, माझ्या बाबतीत तसंच झालं.

‘हाताचं आहे ना?’ एवढंच विचारणं

सगळ्यात मोठी चूक ही. आईने एका प्रदर्शनातून ‘महेश्वरी’ साडी आणली. विक्रेता छातीठोकपणे म्हणाला होता, "माताजी, पूरा हाथ का काम है." घरी पदराच्या दशेतला एक धागा ओढून पेटवला तर तो वितळला आणि टोकाला काळी, कडक गुंडी झाली. म्हणजे पॉलिएस्टर. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. बरं, तो माणूस अगदीच खोटं बोलला असंही नाही. साडीच्या टोकांना तुरपाई होती, ती हातानेच केलेली होती!

म्हणून प्रश्न तीन विचारायचे. कापड कोणत्या मागावर विणलं? रंग किंवा छाप कसा दिला? शिवलं कुणी? आपल्याकडच्या बऱ्याच स्वतंत्र डिझायनर मुली यातलं एकच काम स्वतः करतात आणि त्यात कमीपणा काही नाही. बाग गावाहून छापील थान (कापडाचा तागा) आणून, सुंदर कटचा ड्रेस बेतून कॉलनीतल्या टेलरकडून शिवून घेणं हेही कसबच आहे. फक्त त्यांनी ते तसं सांगायला हवं. प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं की निम्मी परीक्षा तिथेच होते.

पारंपरिक महेश्वरीत ताणा (उभे धागे) रेशमी आणि बाणा (आडवे धागे) सुती असतो. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा विणतात, त्यामुळे कापड उलटून पाहिलं तर मागे लोंबणारे धागे दिसत नाहीत. काठावरची चटई, वीट, हिरा ही नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कामातून उतरलेली. महेश्वर इंदूरपासून नव्वदएक किलोमीटर. सकाळी पोहे खाऊन निघालात तर अकरापर्यंत मागाची खटखट कानावर पडते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे विणकरांसाठी रेहवा सोसायटी ही संस्था उभी राहिली आणि मोडकळीला आलेली विणकरी पुन्हा सावरली. एकदा माग चालताना पाहिला की दुकानातल्या पाटीवर आपला विश्वास जरा बेतानेच बसतो.

२००६पासून हातमागाच्या कापडासाठी ‘हँडलूम मार्क’ आहे. पण गंमत अशी की तो सहसा असतो कापडावर किंवा साडीवर. डिझायनरने थान कापून त्याचे सहा कुर्ते केले की मार्क कुठे जातो? तेव्हा शिवलेल्या कपड्यावर तो दिसला नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका. थान कुठून घेतलं ते विचारा.

छाप ओळखताना

धार जिल्ह्यातल्या बागचा लाल-काळा छाप तुम्ही ओळखत असालच. त्यातला लाल तुरटीवर येतो, काळा लोखंडाच्या गंजावर. ठसा मारताना हे रंग फिके असतात, पुढे अलिझरीन (लाल रंगद्रव्य) आणि धावड्याच्या फुलांबरोबर कापड उकळलं की ते खुलतात. आधी कापड मुरवायचं, मग छापायचं, वाळवायचं, नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचं, उकळायचं. यात कित्येक दिवस जातात. हे माहीत असलं की चारशे रुपयांचा ‘ओरिजिनल बाग’ दुपट्टा पाहून हसू येतं.

दुकानात दोन गोष्टी बघा. एक, जिथे दोन ठसे जुळतात ती जागा. हाताच्या छापात कुठे केसाएवढी फट, कुठे रंगावर रंग चढलेला सापडतोच. मीटरभर कापडात सगळं हुबेहूब जुळत असेल तर ते बहुधा स्क्रीन प्रिंटिंगचं. दुसरी, उलटी बाजू. बागच्या कापडात रंग आत मुरलेला असतो, मागून ते कोरं पांढरं दिसत नाही.

हाच फरक लक्षात न घेता आपण तक्रार करतो ती अशी: "फोटोत बुट्टी सरळ होती, आलेल्या ड्रेसमध्ये जरा तिरकी आहे." अहो, त्याचेच तर पैसे दिले ना! मात्र भोक, तेलाचा डाग किंवा दोन बाह्यांचा वेगळा रंग हा दोषच. तो ‘हँडमेड आहे, चालायचंच’ म्हणून खपवून घेऊ नका.

शोधताना

मोबाइलवर ‘इंदूर डिझायनर ड्रेस’ असं टाकलं की लग्नाचे लेहंगेच पुढे येतात. कामाचं नाव घालून शोधा: बाग प्रिंट, नीमच जिल्ह्यातला नांदणा छाप, उज्जैनच्या भैरूगढचं बाटिक. ढक्कनवाला कुआँच्या ग्रामीण हाटात कारागीर स्वतः बसतात तेव्हा त्यांना विचारा, "तुमच्याकडून कापड नेऊन शिवणारं इंदुरात कोण आहे?" मला दोन उत्तम डिझायनर अशाच मिळाल्या. मृगनयनी या मध्य प्रदेश सरकारच्या दुकानात आधी चक्कर मारली तर भावाचा अंदाज येतो.

ऑनलाइन ऑर्डर देताना अंगाचं माप पाठवलंत की घोळ झालाच. नीट बसणारा आपला जुना कुर्ता सपाट पसरून त्याची छाती, मुंढा, घेर मोजा आणि ‘हे कपड्याचं माप आहे’ असं स्पष्ट लिहा. कोरं सुती कापड धुतल्यावर आटतं, तेव्हा शिवण्याआधी ते पाण्यातून काढलंय का, हेही विचारा. बहुतेक डिझायनर मापाने शिवलेलं परत घेत नाहीत, पण बदल करून देतात. बदल किती दिवसांत आणि कुरियरचा खर्च कुणाचा, हे आगाऊ रक्कम देण्याआधीच लिहून घ्या.

धुताना

निळीने (इंडिगोने) रंगवलेला कपडा पहिले काही दिवस अंगाला, पर्सला रंग लावतो. तेवढ्यावरून तो खराब ठरत नाही. वेगळा, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. मीठ घातल्याने सुटणारा रंग पक्का होत नाही, आमच्या घरी हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या झालाय. रेशमी ताण्याच्या कपड्याला रिठा बरा, आणि पिळायचं मुळीच नाही.

त्या चंदेरी कुर्त्याचं काय झालं? डिझायनरने दोन्ही कुशींत त्याच रंगाची पट्टी घातली, आतून मलमल लावलं आणि साडेतीनशे रुपये घेतले. पट्टी दिसते, पण आता लोकांना ती डिझाइनच वाटते.