निलगिरी ताहरच्या अभ्यासात येऊ पाहणाऱ्यांसाठी

एप्रिल २०२५ मध्ये केरळ आणि तमिळनाडू या दोन्ही राज्यांनी निलगिरी ताहरची, म्हणजे पश्चिम घाटाच्या उंच डोंगरांवर राहणाऱ्या रानटी शेळीसारख्या प्राण्याची, एकाच वेळी गणना केली आणि एकूण आकडा २६६८ आला: केरळात १३६५, तमिळनाडूत १३०३. हा आकडा वाचून अनेक विद्यार्थ्यांना वाटते की प्राणी सावरतो आहे आणि आपण आता त्याच्या वर्तनाचा निवांत अभ्यास करावा. त्यांनी त्याच गणनेतला आणखी एक आकडा पाहावा. केरळातल्या १३६५ पैकी ८४१ ताहर मुन्नारजवळच्या एकट्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात आहेत. उरलेले वेगवेगळ्या डोंगरांवर लहान लहान कळपांत विखुरलेले आहेत आणि त्या डोंगरांमध्ये चहाचे मळे, रस्ते, धरणे व परदेशी झाडांच्या लागवडी पसरल्या आहेत. तुमची खरी गरज तिथे आहे.

नवा अभ्यासक मात्र जातो राजमलैला, म्हणजे एरविकुलमच्या पर्यटन क्षेत्रात. तिथले ताहर माणसाला सरावलेले असून रस्त्याच्या कडेला चरतात. दिवसभरात भरपूर नोंदी होतात आणि छायाचित्रेही उत्तम मिळतात. पहिला आठवडा डोळा तयार करण्यासाठी तिथे घालवायला माझी हरकत नाही. मादी, वर्षभराचे पिल्लू, फिकट तपकिरी नर, गडद तपकिरी नर आणि पाठीवर रुपेरी खोगीर उमटलेला प्रौढ नर, हे सगळे जवळून ओळखायला शिकण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही. परंतु त्या कळपांवरून संपूर्ण जातीविषयी निष्कर्ष काढू नका. शिकार झाली तर ती राजमलैला होणार नाही. ती होईल जिथे गस्त पोहोचत नाही अशा कड्याखाली, आणि आठ-दहा प्राण्यांच्या कळपातून दोन माद्या गेल्या तर तो कळप पुढे टिकेलच याची खात्री देता येत नाही. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे ही तूट लवकर भरून येत नाही.

आता मोजणीविषयी. हा भाग मी मुद्दाम लांबवून लिहितो आहे, कारण माझा एक संपूर्ण हंगाम यात वाया गेला आणि तसा तो तुमचा जाऊ नये असे मला मनापासून वाटते. डोंगरावरच्या खूर असलेल्या प्राण्यांसाठी दुहेरी निरीक्षक पद्धत वापरतात. एकाच वाटेवरून दोन गट काही अंतराने जातात, प्रत्येक गट आपल्याला दिसलेले कळप स्वतंत्रपणे नोंदवतो आणि दोघांनाही दिसलेल्या कळपांच्या प्रमाणावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधला जातो. समजा, पहिल्या गटाला १० कळप दिसले, दुसऱ्याला ८, आणि त्यांतले ६ समान आहेत. दहाला आठने गुणून सहाने भागले की साधारण १३ कळपांचा अंदाज येतो. इथपर्यंत सगळे सोपे आहे.

आता त्या समान सहांपैकी एक कळप, २२ प्राण्यांचा, पहिला गट पुढे गेल्यावर धुके उतरताच १४ आणि ८ असा विभागला. दुसऱ्या गटाने दोन्ही तुकड्या नवे कळप म्हणून लिहिल्या. दुसऱ्या गटाचे कळप झाले ९, समान उरले ५, आणि अंदाज थेट १८ वर गेला. डोंगरावर एकही प्राणी वाढलेला नसताना अहवालात पाच कळप वाढले. याच्या उलटही घडते. पहिल्या गटातल्या कोणी मागच्यांना हात करून कळप दाखवला, तर दुसऱ्या गटाचे आठही कळप समान ठरतात, अंदाज १० वर थांबतो आणि जणू काहीच नजरेतून सुटले नाही असे भासते. ताहरचे कळप दिवसभर जुळत आणि फुटत असतात, हा त्यांचा स्वभाव आहे. म्हणून केवळ संख्या आणि वेळ लिहून भागत नाही. प्रत्येक कळपाची घडण लिहा: किती माद्या, किती पिल्ले, कोणत्या वयाचे किती नर, कोणत्या दिशेने हालचाल, कोणत्या घळीवर किंवा कातळावर. दोन गटांत बिनतारी संदेश बंद ठेवा. संध्याकाळी नोंदी जुळवताना घडण जुळत नसेल, तर तो कळप संशयित म्हणून वेगळा ठेवा आणि अंदाज दोन्ही प्रकारे काढून दाखवा. आम्हाला जो आराखडा मिळाला होता त्यात घडणीचा रकानाच नव्हता, आणि हंगाम संपल्यावर तो भरून काढण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तुमच्या हाती आलेल्या आराखड्यात तो रकाना नसेल, तर डोंगर चढण्याआधी मागून घ्या.

ड्रोनने हे सगळे टळेल, असे पुष्कळांना वाटते. माझे मत प्रतिकूल आहे. कड्यावर पिल्लांसह उभ्या असलेल्या माद्यांवर आवाज करणारे यंत्र नेणे मला योग्य वाटत नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या प्रसूतीकाळात तर मुळीच नाही. एरविकुलम उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यटकांसाठी बंद असते, ते प्रसूतीकाळ आणि लहान पिल्लांच्याच कारणासाठी.

शिकारीइतकाच, किंबहुना आज अधिक, घात अधिवासाच्या ऱ्हासाने होतो. ब्रिटिश काळापासून ताहरच्या डोंगरांवरील गवताळ माळांना ओसाड जमीन मानून तिथे वॉटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ), युकॅलिप्टस आणि पाइन लावले गेले. वॉटलचे बी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि आगीनंतर जोमाने उगवते. म्हणून एकदा झाडे तोडून काम संपत नाही. रोपे उपटायला वर्षानुवर्षे परत यावे लागते. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी इथे आपली सवय तपासावी. सातारा-कोल्हापूरच्या सड्यांवरही आपण उघडा माळ दिसला की वृक्षारोपण करतो आणि पुण्य मानतो. गवत हे ताहरचे अन्न आहे आणि मोकळी नजर हे त्याचे संरक्षण आहे. दाट लागवडीत शिकारी प्राणी जवळ येईपर्यंत त्याला दिसत नाही.

मार्गदर्शकाविषयी माझा आग्रह स्पष्ट आहे. ज्यांचे नाव मोठे आहे पण जे पावसाळ्यात तुमच्याबरोबर एकदाही डोंगरावर येणार नाहीत, त्यांच्यापेक्षा तुमची नोंदवही दर पंधरवड्याला तपासणारा तरुण संशोधक निवडा. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला वन्यजीव अभ्यासक्रम, दोन्ही मार्ग चांगले आहेत. तिथे प्रवेश मिळाला नाही तरी खचू नका. प्राणिशास्त्र किंवा वनशास्त्राची साधी पदवी घेऊन क्षेत्र सहायक म्हणून सुरुवात केलेली आणि आज उत्तम काम करणारी माणसे मी पाहिली आहेत. मुन्नारच्या मुतुवन या आदिवासी समाजातल्या माणसांकडून मी जे शिकलो ते कोणत्याही वर्गात मिळाले नसते. एरविकुलम हे चहामळेवाल्यांचे शिकारक्षेत्र होते तेव्हापासून त्यांचे पूर्वज तिथे राखणदार होते; १९७५ मध्ये अभयारण्य आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावरही त्यांच्याच नजरेवर गस्त चालत आली. त्यांना मजूर समजू नका. मानधन वेळेवर द्या आणि अहवालात त्यांच्या संमतीने त्यांची नावे लिहा.

परवानगीच्या बाबतीत धीर धरा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यासाठी कलम २८ आणि राष्ट्रीय उद्यानासाठी कलम ३५ अन्वये परवानगी लागते, आणि ताहरचे डोंगर राज्यसीमा ओलांडून पसरलेले असल्याने दोन्ही राज्यांच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. उशीर झाला म्हणून परवानगीविना आत जाण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसापासून दूर राहा. अशा एका प्रकरणाने सगळ्या अभ्यासकांची दारे बंद होऊ शकतात. तमिळनाडू शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये २५.१४ कोटी रुपयांचा निलगिरी ताहर प्रकल्प जाहीर केल्यापासून त्या बाजूला कामाच्या संधी वाढल्या आहेत. तमिळनाडूची २०२४ ची आणि दोन्ही राज्यांची २०२५ ची गणना एप्रिलच्या अखेरीस सुरू झाली. स्वयंसेवक म्हणून यायचे असेल तर वनविभागाशी पत्रव्यवहार हिवाळ्यातच सुरू करा आणि तोवर कामापुरती तमिळ शिकून घ्या.