शरणपूर रोड ते मोंबासा: अभ्यासदौऱ्याची तयारी कशी करावी

सेमिनरीत, म्हणजे पाळक होण्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत, तिसऱ्या वर्षाला असताना मी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) इतिहासाचा अभ्यास करायला पंधरा दिवस केनियात, मोंबासाला जाऊन आलो. आमच्या मंडळीतली दोन मुलं यंदा सेमिनरीत दाखल झाली आहेत. परवा उपासनेनंतर त्यांनी विचारलं, "दादा, बाहेर जायचं तर तयारी काय करायची?" दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे नव्हतं, म्हणून लिहून काढतोय.

बॅग भरायच्या आधी आपल्या नाशिकच्या शरणपूरला एक चक्कर मारा. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण ते शरणपूर कोणाचं, हे आपल्यालाच धड माहीत नसतं. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या संस्थेच्या मिशनऱ्यांनी वसवलेली ही वस्ती. अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं. त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात आणि 1860 च्या सुमारास त्यांतली काही नाशिकला येत. इथे ती लिहा-वाचायला शिकली, हातात कसब आलं. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत, पार दूर वारले. त्यांचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं, त्या झाडावर जेकबने अक्षरं कोरली. देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनविधीलाही हजर होता. आपल्या शरणपूरचा मुलगा!

पुढे शरणपूरला काम केलेले रेव्हरंड प्राइस मोंबासाला गेले आणि तिथे सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रियर टाऊन ही वस्ती उभी राहिली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं. नाशिकला शिकलेली मंडळी तिथे शिक्षक, कारागीर, उपदेशक म्हणून राहिली. हे सगळं वाचून, शरणपूरच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात थोडा वेळ बसून मगच निघा. मी तसाच निघालो, म्हणून तिकडे मला विचारायला काहीतरी होतं. माझ्याबरोबरचे काही जण नुसतेच फोटो काढत होते आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं.

आता कागदपत्रं, थोडक्यात. केनियाला 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, लागतो. पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते. ती मोजक्या अधिकृत केंद्रांवरच मिळते, मी मुंबईला जाऊन घेतली. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ते पिवळं पुस्तक परत येतानाही हाताशी ठेवा. नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात. चिवडा-मनुके जरूर न्या, पण प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिकडे 2017 पासून बंदी आहे. आईने शिवलेल्या कापडी पिशव्या मला फार उपयोगी पडल्या.

भाषेला मात्र महिनाभर आधीच हात घाला. स्वाहिली आपल्याला वाटते तितकी परकी नाही. चाय, चपाती, पेसा म्हणजे पैसा, गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा. वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात. हा आपला वाकून नमस्कारच समजा, विसरू नका. चर्चमध्ये 'ब्वाना असिफिवे', म्हणजे 'प्रभूची स्तुती असो', कानावर पडलं की 'आमेन' म्हणा. पाहुण्याला उपासनेत पुढे बोलावून मंडळीला सलाम सांगायला लावतात, तेव्हा दोन वाक्यं पाठ असू द्या.

आणि घड्याळ. इथे मी चुकलो. फ्रियर टाऊनच्या जुन्या वस्तीतल्या एका आजोबांनी मला भेटायला बोलावलं, 'सा तातू' ला. तातू म्हणजे तीन, एवढं मला येत होतं. मी दुपारी तीनला पोचलो. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, म्हणून सा तातू म्हणजे नऊ. आजोबा सकाळी नऊपासून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून व्हरांड्यात बसले होते. टेबलावर दोन कप पालथे घातलेले. मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांदे धरून उठवलं आणि नातीला पुन्हा चहा टाकायला सांगितला. त्या दिवसापासून वेळ ठरवताना मी 'सकाळ का दुपार' विचारतो आणि घड्याळावर बोट ठेवून दाखवतो. तुम्हीही तसंच करा.

त्यांच्यासमोर मी वही उघडली नाही. पहिल्या भेटीत उघडूच नये, ऐकून घ्यावं. रात्री, कितीही दमलात तरी, झोपण्याआधी लिहा. सकाळी निम्मं विसरलेलं असतं. वही-पेनाऐवजी मी शरणपूरच्या चर्चचे छापील फोटो पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिले. मोबाईलवर दाखवण्यात आणि हातात देण्यात फार फरक पडतो. एक फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि बोटाने चर्चची कड फिरवत राहिले. तेव्हा सहा बाय चारचे दहाबारा प्रिंट घेऊन जाच.

फ्रियर टाऊनची घंटा जिथे आहे त्या भागाला केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे घंटा. मोंबासाजवळच्या रबाईला जर्मन मिशनरी क्राप्फ यांच्या मिशनची जागा आहे, तिथे संग्रहालयही आहे. दोन्हीकडे सकाळी लवकर जा, दुपारी दमट उकाडा असह्य होतो.

रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली, "बाबा येतू उलिये म्बिंगूनी." पहिलाच शब्द बाबा. माझे ओठ मराठीत हलत होते, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', आणि शेजारचे आजोबा स्वाहिलीत म्हणत होते. दोघांचं 'आमेन' एकदमच आलं.

निघताना त्यांनी एकच मागितलं: तुमच्या मंडळीची ही प्रार्थना मला ऐकव. परत आल्यावरच्या पहिल्याच रविवारी मी ती रेकॉर्ड करून पाठवली. असं काही कबूल केलं असेल तर सामान उलगडायच्या आधी ते करा.