गावात झोन कशाला लागतो? गोव्यात प्लॅनिंगच्या कामात नवीन येणाऱ्यांसाठी थोडा अनुभव

आर्किटेक्चर, सिव्हिल नाहीतर प्लॅनिंग शिकून गोव्यातल्या गावांत काम करायचंय असं म्हणणाऱ्या पोरापोरींचे मेसेज हल्ली बरेच येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, कुठला कायदा आधी वाचू. आता कायदा वाचावा तर लागणारच, 1974 चा टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग कायदा आणि 2010 चे बांधकामाचे रेग्युलेशन्स हे दोन पाठ असल्याशिवाय या लाइनीत कोणी उभं करत नाही. पण मी फोंड्याला एका छोट्या ऑफिसात लागलो, लोकांच्या फाइली बनवायच्या, टीसीपीत (टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग खात्यात) घालायच्या, पंचायतीत चकरा मारायच्या, तेव्हा कळलं की कलमं तोंडपाठ असलेला माणूससुद्धा झोनचा नकाशा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय चालतं ते रंगांनी दाखवणारा नकाशा, समोर असताना शेतकऱ्याला "तुमची जमीन या रंगात का आहे" एवढं सांगू शकत नाही. नियमावर बोट ठेवतो आणि गप्प बसतो. समोरचा मग समजून चालतो की हे सगळं पैसे काढायचे धंदे आहेत, आणि त्याला तरी काय बोलणार.

म्हणून माझं म्हणणं असं की नकाशा हातात आला की आधी "इथे काय चालतं" ते बघू नका, "इथे हे का चालत नाही" ते शोधा. आमच्या गावांत दहातल्या सात-आठ वेळा उत्तर पाण्यापाशी जाऊन थांबतं.

ऑर्चर्ड झोनचंच, म्हणजे बागायतीच्या जमिनीचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्याच्यावरून. क्लायंट येतो आणि म्हणतो माझ्या भाटात (बागायतीच्या जमिनीत) काजूची चार झाडं पण धड नाहीत, नुसता खडक आणि रान आहे, मग हे ऑर्चर्ड कसं? तेव्हा त्याला डोंगर समजावून सांगायचा. वर जांभा दगडाचा सडा, म्हणजे सपाट माथा असतो, भोकाभोकांचा, पावसाचं पाणी पिऊन घेतो, खाली चिकणमातीचा थर लागला की ते पाणी आडवं सरकतं आणि डोंगराच्या पायथ्याला झर म्हणून बाहेर पडतं. त्या झरीवर खालचं कुळागर उभं असतं, सुपारी, केळी, मिरी, जायफळ, सगळं. फोंडा तालुक्यात सावईवेरे, केरी, बेतकी या बाजूला जाऊन बघा म्हणजे पटेल. तिथे एका काकांनी मला कुळागरात फिरवलं होतं, पाटाच्या तोंडाशी चिखलाचा गोळा पायानेच बाजूला केला, पाणी एका ओळीकडे सोडलं, जरा वेळाने परत पायानेच तोंड बंद करून दुसऱ्या ओळीला दिलं. पंप नाही काही नाही. मी विचारलं, काका हे पाणी मे महिन्यात पण असतं का, तर म्हणाले "असता तर, पण वर कोणी डोंगर कापलो तर तू येऊन घाल हां पाणी." थट्टेत बोलले, पण ऑर्चर्ड झोनवर याच्यापेक्षा चांगलं लेक्चर मी ऐकलेलं नाही. वरच्या उतारावर झाडं आहेत की नाहीत हा मुद्दाच नाही, तो उतार मोकळा राहिला तर खालची बाग जगते.

25 टक्क्यांहून जास्त उतारावर बांधकाम नाही, हा नियम पण त्याच पोटातला. 25 टक्के म्हणजे आडवं शंभर मीटर गेलात तर पंचवीस मीटर चढ, हे कंटूर प्लॅनवरून काढता आलंच पाहिजे, आणि सर्व्हेयरने आणून दिलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका, स्वतः जागेवर जा. जमिनीचा सपाट तुकडा आणि कडा एकत्र धरून सरासरी काढली की उतार कागदावर छान खाली येतो, ही जुनी चलाखी आहे. डोंगर कापायचा किंवा सखल जागा भरायची तर कायद्यात वेगळं कलम आहे, 17A, त्याची परवानगी झोन बरोबर असला तरी लागते. नवीन मुलं हे हमखास विसरतात. सेटलमेंट, म्हणजे घरांचा झोन आहे ना, मग झालं, असं वाटतं त्यांना.

खाली या, खाजनात. समुद्राच्या भरतीखालची ही जमीन, पूर्वजांनी बांध घालून खाऱ्या पाण्यातून काढलेली, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून पाणी आतबाहेर करायचं, आत कोरगूट भात आणि मासळी. बांध कोणी सांभाळायचा, मानस कोणाला द्यायची, हे गावकारी (गावच्या मूळ घराण्यांची संस्था) ठरवायची, म्हणजे झोनिंग हा शब्द इथे यायच्या कितीतरी आधी गावात जमिनीच्या वापराचे नियम होते आणि कोणी मोडले तर सगळ्यांचं शेत खारं व्हायचं म्हणून ते पाळले पण जायचे. आज रिजनल प्लॅनमध्ये, म्हणजे राज्याच्या जमीन वापराच्या आराखड्यात, भातशेत आणि खाजन पहिल्या इको झोनमध्ये आहेत, वर कूळ म्हणून मिळालेल्या जमिनीला 1991 चा लँड यूज कायदा आहे, शेतीशिवाय दुसरं काही करता येत नाही, शिवाय 2023 पासून भातशेत शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंदी, खाडीकाठ असेल तर सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) पण. एवढे थर का, असं विचाराल तर कारण साधं आहे, शेत हे पुराच्या पाण्याला पसरायची जागा पण असतं. एकाने मातीचे ट्रक ओतून आपला तुकडा उंच केला की तेच पाणी शेजाऱ्याच्या ओसरीवर चढतं. नुकसान करणारा एक आणि भोगणारा दुसरा, सरकारने मध्ये पडायचं कारण हेच.

सेटलमेंट झोनबद्दल फार सांगत नाही, तिथले नियम शहरासारखेच आहेत फक्त आकडे कमी. रिजनल प्लॅन 2021 मध्ये (नावातलं साल म्हणजे प्लॅन कुठवरचा ते) गावांना व्हीपी 1 आणि व्हीपी 2 असे वर्ग दिले, पहिल्यात एफएआर (प्लॉटच्या किती टक्के बांधकाम करता येतं तो आकडा) 80, दुसऱ्यात 60, म्हणजे 500 चौरस मीटरच्या प्लॉटवर अनुक्रमे 400 आणि 300 चौरस मीटर. लोक म्हणतात हा अन्याय आहे, पणजीत माडी चढते, आमच्यात का नाही. अहो पण गावाचा रस्ता बघा की, समोरून कदंबा बस आली तर स्कूटर गटारात घालावी लागते, नळाला पाणी दोन तास, आणि सांडपाण्याची लाइन नाहीच. प्रत्येकाचा सोकपिट (शोषखड्डा), प्रत्येकाची बाय, म्हणजे विहीर. जांभ्यातून घाण पाणी भराभर झिरपतं म्हणून विहीर आणि सोकपिट यांच्यात अंतर पाळायला सांगतात, वीस फ्लॅटची बिल्डिंग आली की ते कागदावर पाळलं जाईल, जमिनीखाली नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल हा सरकारी माणूस बोलतोय. झोनचा नकाशा सगळ्यात जास्त चुकतो तो गरीबाच्या घरावर. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मुंडकार, घर ऑर्चर्डमध्ये दाखवलेलं, त्याला छप्पर बदलायला पण कागद मिळत नाही, आणि शेजारच्या टेकडीवर मात्र मोठा बंगला "फार्महाऊस" म्हणून उठतो कारण त्याच्याकडे 4000 चौरस मीटर जागा आहे आणि फाइल फिरवायला माणूस आहे. नियमाचा हेतू चांगला म्हणून नियम न्याय्य होत नाही. असं घर दिसलं की साइट रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा, फोटो जोडा, जुना घरनंबर, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल गोळा करून द्या. फी कमी मिळेल. तरी करा.

राजकारण टाळता येणार नाही, हे पण आधीच सांगून ठेवतो. रिजनल प्लॅन 2011 लोक रस्त्यावर उतरले म्हणून 2007 च्या सुरुवातीला रद्द करावा लागला, मग आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया वगैरे मंडळींच्या टास्क फोर्सने 2021 चा प्लॅन केला, त्याचे मसुदे गावागावात नेऊन सूचना घेतल्या, 2012 मध्ये तो बासनात गेला, 2018 मध्ये परत बाहेर काढला. त्यानंतर कलम 17(2) खाली सर्व्हे नंबरवार झोन "दुरुस्त" करायचे नियम 2023 मध्ये आले, ते मार्च 2025 मध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले, आणि 2024 मध्ये आलेल्या झोन बदलाच्या 39A कलमावरून वाद वेगळेच. माझं मत विचाराल तर एकेका प्लॉटचा झोन बदलणं म्हणजे झोनिंगच्या मुळावरच घाव, कारण झोन हा पाणलोटाचा, वाड्याचा, रस्त्याचा मिळून विचार असतो, एका सर्व्हे नंबरला डोंगर कुठे आणि झर कुठे हे दिसत नसतं. पण तुम्ही नोकरी करताना हे मत आणि फाइल वेगळी ठेवा, नाहीतर दोन्ही बिघडतात.

कामाचं थोडं. क्लायंट आला की आधी एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावावर, कोणाच्या वहिवाटीत ते सांगणारा) आणि सर्व्हे प्लॅन बघा, उताऱ्यात कूळ किंवा मुंडकार म्हणून कोणाचं नाव आहे का ते वाचा, मग टीसीपीतून झोनिंग सर्टिफिकेट काढा, आणि त्यानंतरच सनद (जमीन बिगरशेती करायची परवानगी), टेक्निकल क्लिअरन्स, पंचायतीचं लायसन्स यांच्या गोष्टी करा. सेटलमेंट झोन असला तरी जमीन महसूल कायद्याच्या 32 कलमाखाली सनद लागते, झोन म्हणजे सनद नव्हे, हे क्लायंटला पहिल्याच दिवशी सांगून टाका कारण एजंटांनी त्याला भलतंच सांगितलेलं असतं. एका एजंटने तर आमच्याकडे आलेल्या बाईंना शेताचा तुकडा "होणारं सेटलमेंट" म्हणून विकला होता. होणारं म्हणे! नकाशावर असा कुठलाच रंग नाही.

ग्रामसभेला जाऊन बसा, आपल्या गावच्या नाहीतर मित्राच्या. पहिला तासभर गटार आणि कचऱ्यावर जातो, कंटाळू नका, कारण त्या गटाराच्या भांडणातच कळतं की वरच्या वाड्यावर कोणी माती टाकली, कुठला व्हाळ (ओढा) बुजला, आणि कुठल्या पंचाचा भाऊ कशात आहे. एकदोन म्हातारे भेटतील, त्यांना भाई, काका म्हणून जवळ जा आणि विचारा की जुन्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते भिंतीवर हात लावून दाखवतात. 2021 च्या जुलैत म्हादईला पूर आला तेव्हा सत्तरी तालुक्यात घरं पडली, तिथे गेलात तर अजून लोक तुम्हाला पाण्याची रेघ दाखवतील. ती रेघ सर्व्हे प्लॅनवर पेन्सिलने मारून ठेवा, फाइल टीसीपीत गेल्यावर साइट इन्स्पेक्शनला कामाला येते.

शिक्षणाचं विचाराल तर पणजीला गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आहेच, प्लॅनिंगची डिग्री हवी तर पुण्याचं सीओईपी, अहमदाबादचं सेप्ट नाहीतर दिल्लीचं एसपीए बघा. पण कुठेही शिकलात तरी पहिली नोकरी शक्यतो जूनमध्ये धरा, आणि पाऊस चालू असताना साइटवर पाठवतात का ते इंटरव्ह्यूतच विचारून घ्या. जे ऑफिस पावसात साइटवर पाठवत नाही तिथे ड्रॉइंग सुंदर शिकाल, गाव नाही.