लाभपाचमेआधी: ऑफिसचा फाइल सर्व्हर बदलण्याची तयारी

दिवाळीत बडोद्यातले बरेचसे बाजार आणि ऑफिसं बंद होतात, ती लाभपाचमेला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, उघडतात. छोट्या ऑफिसाला सर्व्हर बदलायला एवढे सलग दिवस एरवी मिळत नाहीत. दांडिया बाजारातल्या आमच्या छपाईच्या ऑफिसात मी या सुट्टीत दोनदा सर्व्हर बदलला. पहिल्या वेळी फाइल एकूण एक आल्या, तरीही लाभपाचमेच्या मुहूर्तावर हिशेबाच्या काकूंना त्यांचं फोल्डर उघडता येईना. पासवर्ड बरोबर होता. चुकली होती सर्व्हरची ओळख. लिनक्सवर सांबा (लिनक्समधल्या फाइल विंडोज आणि मॅकला नेटवर्कवरून देणारा प्रोग्राम), हिशेबाला विंडोज आणि डिझाइनला मॅक अशी मांडणी जिथे असेल, त्यांच्यासाठी ही तयारी लिहून ठेवतो आहे.

धनतेरशीच्या आत, जुना सर्व्हर चालू असतानाच, त्याची ओळख कागदावर उतरवा. सर्व्हरचं नाव, वर्कग्रुप (विंडोज मशीनच्या गटाचं नाव), आयपी पत्ता, 'टेस्टपार्म' ही आज्ञा दाखवते ती सांबाची पूर्ण मांडणी, 'पीडीबीएडिट' या आज्ञेने दिसणारी सांबाच्या खात्यांची यादी आणि प्रत्येक खात्याचा लिनक्समधला यूआयडी क्रमांक. हा क्रमांक सोडू नका. लिनक्स फाइलचा मालक नावाने नाही, आकड्याने लक्षात ठेवतं. जुन्यावर हिशेब 1001 आणि डिझाइन 1002 असेल आणि नव्यावर खाती उलट क्रमाने उघडली गेली, तर काकूंच्या फाइल डिझाइनवाल्याच्या होऊन बसतात.

त्याच कागदावर सर्व्हरचा एसआयडी, म्हणजे विंडोज ज्याने ओळख धरतं तो क्रमांक, लिहा. 'नेट गेटलोकलएसआयडी' या आज्ञेने तो मिळतो. विंडोजच्या लेखी नाव हे फक्त लेबल. परवानग्या बांधलेल्या असतात त्या एस-1-5-21 ने सुरू होणाऱ्या लांबलचक क्रमांकाला. सांबा हा क्रमांक सर्व्हरच्या नावाला जोडून साठवतो, त्यामुळे नाव बदललं की नवा क्रमांक तयार होतो. माझं नेमकं हेच झालं होतं. नवं मशीन म्हणून नवं, सुटसुटीत नाव दिलं, आणि फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये जिथे माणसांची नावं दिसायची तिथे आकड्यांच्या माळा दिसू लागल्या. तेव्हा नाव तेच ठेवा. ते 15 अक्षरांच्या आतलं, रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यातच बसणारं असावं. नव्या मशीनवर 'नेट सेटलोकलएसआयडी'ने जुना क्रमांक बसवा, आणि तेही काकूंच्या मशीनवरून एकसुद्धा लॉगिन करून पाहण्याआधी.

एकच नाव असलेले दोन्ही सर्व्हर एकाच वेळी नेटवर्कवर ठेवू नका. लिनक्सवरचा अवाही, म्हणजे मॅकला नाव सांगणारी सेवा, अशा वेळी नव्या मशीनच्या नावामागे स्वतःहून '-2' लावतो. मग मॅकवाला जुन्या नावाने शोधत बसतो आणि पोचतो जुन्याच सर्व्हरवर.

सांबाचे पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपासून वेगळे साठवलेले असतात. त्यामुळे खातं उघडलं म्हणजे काम झालं असं नाही, 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या आज्ञेने प्रत्येकाला सांबातही घ्यावं लागतं. आणि आता खरंच प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या. गेस्टवर, म्हणजे पासवर्डशिवाय, चालणारी ऑफिसं मी बरीच पाहिली आहेत, पण विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून प्रो मशीनही, सेटिंग बदललं नसेल तर, गेस्ट म्हणून आत जाऊ देत नाही. सांबाच्या मांडणीत 'मॅप टू गेस्ट' हे 'बॅड यूजर'वर असेल तर ते 'नेव्हर' करा. नाहीतर खात्याच्या नावात एक अक्षर चुकलं तरी सर्व्हर तक्रार न करता माणसाला गेस्ट म्हणून आत घेतो, आणि पुढे फोल्डर का उघडत नाही याचा शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

तपासणी आतून बाहेर करा. आधी सर्व्हरवर बसून 'एसएमबीक्लायंट' या आज्ञेने त्याच सर्व्हरशी जोडून बघा. ते जमलं तर खातं ठीक आहे, दोष पुढे आहे. मग दुसऱ्या मशीनवरून 445 हे पोर्ट, म्हणजे सांबाचं नेटवर्कवरचं दार, उघडं आहे का ते पाहा. उत्तरात येणारे शब्द नीट वाचा. 'लॉगऑन फेल्युअर' म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं की बहुतेक वेळा ओळख पटलेली असते, परवानगी नसते. 'बॅड नेटवर्क नेम' म्हणजे फोल्डरला दिलेलं शेअरचं नाव चुकलं. हे तीन वेगळे आजार आहेत, आणि तिन्हींवर पासवर्ड बदलत बसणारे लोक पाहिले की मला फार वाईट वाटतं, कारण त्यात सगळ्यांचीच सकाळ वाया जाते.

विंडोज मशीनवर सुट्टीतच जाऊन क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (साठवलेल्या पासवर्डच्या यादीतली) सर्व्हरची जुनी नोंद काढा. लॉगिन करताना नुसतं खात्याचं नाव न देता आधी सर्व्हरचं नाव, मग उलटी तिरकी रेघ (बॅकस्लॅश) आणि मग खातं असं लिहा. नाहीतर मायक्रोसॉफ्ट खात्याने चालणारं मशीन तोच ईमेल पुढे करतं. 1219 हा एरर आला तर त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने आधीच जोडणी चालू आहे. आयपीने जोडलं की चालतं आणि नावाने चालत नाही, याचं कारणही अनेकदा हेच असतं. 'नेट यूज'ने जुन्या जोडण्या तोडा. मॅकवर कीचेनमधली, म्हणजे त्याच्या पासवर्डच्या साठ्यातली, नोंद काढली की पुरतं.

स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारं जुनं झेरॉक्स मशीन वेगळं तपासा. 2019 च्या सांबा 4.11 पासून एसएमबी1, म्हणजे नेटवर्कवर फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत, मुळातच बंद असतं, आणि अशा जुन्या मशीनला कित्येकदा तेवढंच येतं. त्याच्यासाठी सगळ्या ऑफिसचा दरवाजा उघडू नका, स्कॅन ईमेलने मागवा.

मराठी नावांच्या फाइल असतील तर 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांचे' अशी नावं उघडून बघा. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क 'ऱ' हे अक्षर 'र' आणि खालचा नुक्ता असं फोडून ठेवते, त्यामुळे तिथून आरसिंकने (फाइलची नक्कल करणाऱ्या आज्ञेने) आणलेली फाइल सर्व्हरवर तशाच दिसणाऱ्या नावाची दुसरी फाइल होऊन बसते.

घड्याळं जुळवा, डोमेन (सगळ्या मशीनचं एकत्र लॉगिन) असेल तर पाच मिनिटांहून जास्त फरक कर्बरॉसला, म्हणजे तिथल्या ओळख तपासणाऱ्या पद्धतीला, सहसा चालत नाही. लाभपाचमेला तासभर आधी पोचा आणि काकूंच्या खुर्चीत बसून, त्यांच्याच खात्याने, हिशेबाच्या फोल्डरमध्ये एक फाइल साठवून बघा. जुन्या सर्व्हरची वायर काढून ठेवा, पण डिस्क देवदिवाळीपर्यंत पुसू नका.