डिझाईन नंतर, आधी मैदान चालून बघा

मागच्या महिन्यात एका पोराचा फोन आला, डिप्लोमा सिव्हिल झालाय, स्केचअप (थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतं, प्रदर्शनाचे स्टॉल न स्टेज उभारायच्या लाइनमध्ये यायचंय, सुरुवात कुठून करू दादा. अर्धा तास बोललो तरी निम्मंच सांगून झालं. म्हणून आता सगळं एकदा लिहूनच टाकतो, ज्याला उपयोग होईल त्याला होवो.

माझं आधी सांगतो. मामाचा अमळनेरकडे मंडपाचा धंदा. दहावीपासून उन्हाळ्याच्या सुट्टीत बल्ल्या वाहणं, कनाती धुणं, सुतळीचे तुकडे गोळा करणं हेच काम, लग्नसराईत तर घरी झोपायला पण नाही, ट्रकमध्येच. मग जळगावला सिव्हिल डिप्लोमा, मग पुण्यात स्टॉल बनवणाऱ्या एका फॅब्रिकेटरकडे दोन वर्षं, मोशीचं किसान प्रदर्शन आणि मुंबईत गोरेगावचे हॉल तेव्हाच पाहिले. मग परत जळगाव, आणि आता अकरा वर्षं झाली, कृषी प्रदर्शनं, बचतगटांचे महोत्सव, कॉलेजची गॅदरिंग, पुढाऱ्यांच्या सभा, जे येईल ते.

पुण्याहून आलो तेव्हा डोक्यात हवा होती. थ्रीडी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं खऱ्यासारखं चित्र, दाखवायचो, लोक वा वा करायचे. पण मुंबईच्या हॉलमध्ये काय असतं, खाली सिमेंटची फरशी, वर छप्पर, वारा नाही, पाऊस नाही, तुमची भांडणं फक्त घड्याळाशी. इथे मैदान असतं, आणि आपल्याकडचं मैदान म्हणजे बहुतेक वेळा काळी माती. ही माती काय चीज आहे ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको, पण ड्रॉइंग काढताना तोच पोरगा विसरतो. एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की खुंटा ठोकायला घण पण लागत नाही, भेगेत आपोआप जातो, आणि तुम्ही खूश होता. तोच खुंटा पाऊस झाल्यावर मुळ्यासारखा हातानं उपटून येतो.

माझी एका तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात अशीच फजिती झाली. डिसेंबर होता, पावसाचा विषयच नाही असं सगळे म्हणत होते. संध्याकाळी साठ स्टॉल उभे, कार्पेट पडलेलं, कमान झालेली. रात्री दीडला अवकाळी आला. पाऊस तासभरच झाला असेल, पण सकाळी पाहिलं तर पश्चिमेच्या बाजूचे अकरा खुंटे सैल, एका कोपऱ्याचा खांब टीचभर खाली गेलेला कारण खाली बेस प्लेट, म्हणजे खांबाखालची चपटी लोखंडी पाटी, नव्हती, नुसता पाइप मातीवर उभा. छतावर पाणी साचून कापडाची झोळी झालेली, एका झोळीत चारपाच बादल्या पाणी सहज. मिस्त्री काका माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, ‘पोऱ्या, वारा-पानी काय सांगीसन येत नही.’ मामाच्या वेळचा माणूस तो, त्यांनी आदल्या दिवशीच म्हटलं होतं खांबाखाली फळ्या टाकू, आणि मी म्हटलं होतं वेळ नाही.

तेव्हापासून मी साइट फायनल व्हायच्या आधी स्वतः चालत जातो, जमलं तर दोनदा, एकदा दिवसा एकदा रात्री. पाणी कुठे साचतं ते गवताच्या रंगावरून कळतं. मागच्या गणपतीत कुणी खड्डे करून नुसती माती लोटलीये का, ट्रक वळेल का, वरून महावितरणची तार जाते का (जात असेल तर तिच्याखाली ट्रस, म्हणजे पाइपांची जाळीदार चौकट, उभा करायचा विचारच करू नका), पाण्याची पाइपलाइन कुठून गेलीये हे तिथल्या वॉचमनला विचारायचं, आयोजकाला माहीत नसतं. खुंटा हलतो का बघायला एक खुंटा ठोकून त्यावर दोन बादल्या पाणी ओततो आणि तासाभरानं ओढून बघतो. कोणत्या पुस्तकात लिहिलंय माहीत नाही पण उपयोगी पडतं. खुंटा भरोशाचा नसेल तिथे वजन, म्हणजे २०० लिटरचा ड्रम पाण्यानं भरला की २०० किलो, पण तो ड्रम खांबाला नीट बांधलेला पाहिजे. नुसता शेजारी ठेवलेला ड्रम म्हणजे शोभेचा ड्रम.

आता वारा. हे जरा सावकाश वाचा, कारण नवीन पोरं इथेच मार खातात. वाऱ्याचा वेग मीटर पर सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ नं गुणा, म्हणजे एका चौरस मीटरवर किती न्यूटन दाब येतो ते निघतं. हे आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये आहे, डिप्लोमाला शिकवतात, आपण पास होऊन विसरतो. स्टेजमागचा साधा २० बाय १२ फुटी फ्लेक्स धरा, साधारण २२ चौरस मीटर. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे १० मीटर पर सेकंद, चौरस मीटरला ६० न्यूटन, म्हणजे साधारण सहा किलो, फ्लेक्सवर मिळून एकशे पस्तीस किलोच्या आसपास. वारा डबल झाला, ७२ झाला, तर दाब डबल नाही होत, चौपट होतो, साडेपाचशे किलो. आणि हे अगदी सोपं गणित झालं, आकाराचा गुणक वगैरे धरला तर अजून वाढतं. आता हा साडेपाचशे किलो त्या फ्रेमच्या मधोमध ढकलतोय, म्हणजे स्टेजच्या उंचीवरून अजून सहा फूट वर, आणि तुम्ही मागे दोन बांबूचे टेके लावलेत सुतळीनं. मे महिन्यात दुपारी चारनंतर आपल्याकडे वावटळ न वादळ कसं उठतं ते केळीवाल्याला विचारा, उभी बाग आडवी होते, तुमचा फ्लेक्स काय.

फ्लेक्सला ब्लेडनं चंद्रकोरी कापायची एक पद्धत आहे, त्यानं आपल्याला समाधान मिळतं, लोड काही फारसा कमी होत नाही. जाळीचा फ्लेक्स मिळतो तो घ्या, किंवा सरळ फ्लेक्सचा आकार कमी करा, पण आकार कमी करा म्हटलं की पुढाऱ्याचे कार्यकर्ते तुमच्याकडे असं बघतात जणू तुम्ही विरोधी पक्षाचे.

अजून एक, मंडपाच्या तीन बाजू कनातीनं बंद आणि एक बाजू वाऱ्याच्या तोंडाला उघडी, हे सगळ्यात वाईट. वारा आत शिरतो, बाहेर जायला वाट नाही, मग तो आतून छत उचलतो, आणि वरून वाहणारा वारा पण छताला वरच ओढत असतो. उघडायचं तर समोरासमोर उघडा. २०१९ च्या जूनमध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या जसोलला रामकथेचा मंडप वादळात पडला, चौदा माणसं गेली. ती बातमी मी मोबाइलमध्ये जपून ठेवलीये, आयोजक म्हणाला ना की ‘काही होत नाही भो, दरवर्षी असंच लावतो’, की दाखवतो.

स्टेजचं थोडक्यात. चार बाय आठ फुटी प्लायचे डेक, खाली लोखंडी फ्रेम, वर कार्पेट, हे सगळ्यांना येतं. पण लोड धरताना कार्यक्रमपत्रिका बघू नका. पत्रिकेत मंचावर नऊ मान्यवर असतात, सत्काराच्या वेळी पन्नास माणसं चढतात आणि सगळी फोटोसाठी पुढच्या कडेला येतात. चौरस मीटरला ५०० किलो धरा, आयएस ८७५ च्या भाग २ मध्ये गर्दीच्या जागेला खुर्च्या पक्क्या नसतील तर हाच आकडा आहे. आणि आडव्या धक्क्यासाठी तिरके ब्रेसिंग, म्हणजे पायांना एकमेकांशी जोडणारे तिरके पाइप, पाहिजेच, कॉलेजच्या गॅदरिंगला चाळीस पोरं एका तालावर उडी मारतात तेव्हा नुसते उभे पाय लंगडतात. कंपनीचं ब्रेसिंग कमी पडलं म्हणून सुतळीनं बांधू नका, कप्लर (पाइपाला पाइप आवळायचा लोखंडी क्लॅम्प) लावा, नसेल तर कार्यक्रम सुरू करू देऊ नका. पहिल्यांदा असं बोलायला जड जातं.

ऑक्टानॉर्म म्हणजे ते अॅल्युमिनियमचे अष्टकोनी खांब आणि पांढरे पॅनेल, सगळ्या ट्रेड फेअरला असतात ते. खांब ते खांब एक मीटर, उंची अडीच मीटर, तीन बाय तीनचा स्टॉल. सोपं वाटतं म्हणूनच सांगतो, पॅनेल एक मीटरचा असला तरी दिसणारा भाग साधारण ९५ सेंटिमीटरचाच असतो, बाकी खांबाच्या खाचेत जातो. मी पुण्यात पहिल्या महिन्यात एका ठिबकवाल्या क्लायंटचे बारा प्रिंट बरोब्बर एक मीटर रुंदीचे काढले, लोगो डाव्या कडेला. लावले तर प्रत्येक पॅनेलवर लोगोचं पहिलं अक्षर गायब. रात्री अकराला बारा प्रिंट परत, माझ्या पगारातून. त्या पगारात तसंही फार काही नव्हतं.

आग. हे मी पहिल्यांदा सांगायला पाहिजे होतं खरं तर. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणात डबवालीला शाळेच्या कार्यक्रमात मंडप पेटला, चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बरीचशी लहान पोरं. १० एप्रिल २००६ ला मेरठला व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाला आग लागली, साठहून जास्त गेली. सिंथेटिक कापड पेटलं की थेंब थेंब वितळून खाली पडतं, माणसाच्या अंगावर. तात्पुरत्या मंडपांच्या आगीच्या काळजीसाठी आयएस ८७५८ असं वेगळं मानक आहे, छोटंसं आहे, वाचून काढा.

आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे मांडे. बचतगटाच्या महोत्सवात खापरावरचे मांडे नसतील तर लोक येतच नाहीत, आणि मांडे म्हणजे चूल, लाकूड, उघडा जाळ. बाजूला भरीत-पुरीचा स्टॉल, म्हणजे वांगी भाजायला अजून एक जाळ आणि पुऱ्यांची कढई. ताई लोकांचा आग्रह असतो की आम्हाला मेन मंडपातच जागा द्या, मागे कोण येईल आमच्याकडे, आणि त्यांचं म्हणणं चूक पण नाही. मी काय करतो, खाण्याचा भाग वेगळा, पत्र्याच्या छताखाली, मेन मंडपापासून लांब, पण बाहेर पडायचा रस्ता तिकडूनच काढतो. म्हणजे माणूस प्रदर्शन बघून निघाला की मांड्यांच्या वासातूनच जातो. एका वर्षी एका मावशींनी मला सांगितलं की यंदा पीठ दोनदा आणावं लागलं, तेव्हा मला माझ्या कोणत्याही रेंडरपेक्षा त्या वाटेचा अभिमान वाटला.

लाइटचं काम लाइटवाल्याचं असलं तरी हिशोब तुम्हाला यायला पाहिजे. साठ स्टॉल, प्रत्येकी एक किलोवॅट, साठ किलोवॅट, पॉवर फॅक्टर (जनरेटरच्या एका केव्हीएतून कामाचे किलोवॅट किती मिळतात ते) ०.८ धरला तर ७५ केव्हीए, म्हणजे ८२.५ चा जनरेटर काठावर बसतो, वर स्टेज, साउंड, एलईडी वॉल आली तर १२५ लागतोच, किंवा वेगळा सेट. आणि कोणीतरी गुपचूप चहाची इलेक्ट्रिक केटली आणतोच. अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) यावर तडजोड नको. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या ठिकाणी, दत्तजयंतीच्या थंडीत, तापीकाठी पहाटे इतकं दव पडतं की जमिनीवरचा बोर्ड भिजून निथळतो, बोर्ड नेहमी उंचावर आणि झाकलेला.

पैशाबद्दल. निम्मे पैसे माल गाडीत चढायच्या आधी, उरलेल्यातला मोठा हिस्सा उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी. समारोप झाल्यावर आयोजक कुणालाच सापडत नाही. माझे एका मोठ्या महोत्सवाचे पैसे तीन वर्षांपासून ‘या आठवड्यात करतो भाऊ’ वर आहेत.

शिक्षणाचं पण विचारलं होतं फोनवाल्या पोरानं. अहमदाबादच्या एनआयडीला (राष्ट्रीय डिझाईन संस्था) एक्झिबिशन डिझाईन असा विषय आहे, दिल्लीच्या एनएसडीला (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) नेपथ्य शिकता येतं, जमत असेल तर जरूर जा, तिथला माणूस जागेकडे बघतो ती नजर वेगळी असते, आपल्याला ती यायला दहा वर्षं लागतात. नाही जमलं तरी सिव्हिल डिप्लोमा किंवा आयटीआय वेल्डर चालतो, वर ऑटोकॅड, स्केचअप, आणि फ्लेक्सवाल्याशी बोलण्यापुरतं कोरलड्रॉ. पण पहिलं वर्ष ऑफिसात बसू नका, गोडाऊनला राहा. कोणता पाइप वाकलाय, कोणत्या पिना हरवल्यात, ट्रकमध्ये काय आधी भरायचं (जे शेवटी लागतं ते आधी) हे गोडाऊनलाच कळतं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हा मी पण गेलो होतो, बायको भाषण ऐकत होती आणि मी मान वर करून छताचे जॉइंट मोजत होतो, तिनं दोनदा कोपर मारलं.

आणि उतरवण्याचं प्लॅनिंग उभारण्याआधी करा. समारोपाच्या रात्री पोरं थकलेली असतात, घरी जायची घाई असते, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी आधी ब्रेसिंग काढतो आणि मग छत. माझ्याकडे कामाला असलेल्या एका पोराचा हात असाच मोडला, दीड महिना प्लास्टर. आता मी रात्री फक्त कार्पेट, लाइट आणि खुर्च्या काढू देतो, ट्रस सकाळी उजेडात, आयोजक कितीही ओरडला तरी.

फोन करणाऱ्या त्या पोराला मी चोपड्याच्या साइटवर बोलावलंय. बूट घालून ये म्हटलंय, चपलेवर नाही, पाच मीटरचा टेप, मार्कर आणि एक टॉवेल, आणि लॅपटॉप घरीच ठेव.