अल्कोहोल सेप्टल अ‍ॅब्लेशननंतरचा इको: काय मोजायचे, कधी मोजायचे

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आजारात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा जाड होऊन रक्ताची वाट अडवतो; तो अल्कोहोलने बारीक करण्याचा हा उपचार सिग्वार्ट यांनी १९९४ मध्ये लंडनमध्ये प्रथम केला. त्यानंतरच्या इको तपासणीत (हृदयाची सोनोग्राफी) घाई सगळ्यात जास्त नडते. ग्रेडियंट (अडथळ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक) टेबलावरच उतरतो, पण सूज आली की पुढच्या काही दिवसांत पुन्हा चढू शकतो. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या आकड्यावरून उपचार फसला असे ठरवू नका. अल्कोहोलने मेलेल्या स्नायूचा डाग आकसून पडदा पातळ व्हायला तीन ते सहा महिने लागतात. खरा निकाल तेव्हाच.

एपिकल पाच-कप्पी दृश्यात (हृदयाच्या टोकाकडून घेतलेले चित्र) कंटिन्युअस वेव्ह डॉपलर (रक्ताचा वेग मोजणारी पद्धत) लावा. वेग मीटर प्रति सेकंद घेऊन त्याचा वर्ग करा, ४ ने गुणा: ३ मीटर म्हणजे ३६ मिमी पारा. आधी विश्रांतीत, मग वल्साल्वा (श्वास रोखून जोर लावणे) करून मोजा. रुग्ण जोर नीट लावत नसेल तर उभे करून किंवा व्यायामानंतर पाहा. उत्तेजित ग्रेडियंट ५० च्या खाली हवा, ३० खाली आला तर उत्तमच.

नेहमीची चूक: मायट्रल गळतीचा (मायट्रल झडपेतून मागे जाणाऱ्या रक्ताचा) झोत पकडणे. तो लवकर सुरू होतो, सममित असतो, वेग बहुधा ५ मीटरच्या वर. अडथळ्याचा आलेख उशिरा टोक गाठणारा, खंजिरासारखा. एक्स्ट्रा ठोक्यानंतरचा ठोका मोजू नका.

इजेक्शन फ्रॅक्शनवर (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताची टक्केवारी) विसंबू नका. या आजारात ती मुळातच जास्त असते. ५० टक्क्यांखाली गेली तर मात्र गंभीर. पडद्याच्या वरच्या भागाचा स्ट्रेन (स्नायू किती आकुंचन पावतो याचे माप) घटणे अपेक्षित, पण इतर भिंतीही मंदावल्या तर अल्कोहोल भलतीकडे गेले का ते तपासा.

सोबत ईसीजी हवाच. उजवा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशाच्या उजव्या वाटेतला अडथळा) बऱ्याचदा दिसतो; चक्कर किंवा बेशुद्धी आली तर पूर्ण हार्ट ब्लॉकच्या (वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोहोचतच नाही) शंकेने तातडीने रुग्णालय गाठा.